बत्तीस इंच

बेसबॉलच्या संघात एकच जागा उरली होती आणि टेसाचे दहापैकी पहिले पाच चेंडू वाया गेले होते. निम्मे लागले तरच नाव लिहायचं, हा नियम मीच केलेला. म्हणजे आता एकही चुकून चालणार नव्हतं.

पोर अकरा वर्षांची, अंगानं काडी. हातात बत्तीस इंची बॅट. ती बाप्यांनी फिरवायची. आमच्या गावात बूट, कोट, बॅट, सगळं वाढत्या अंगाचं घेतात आणि त्यालाच शहाणपण म्हणतात. दर वर्षी दोनतीन पोरांची मनगटं त्या शहाणपणात जातात.

"हात खाली, मुठीच्या टोकाच्या गोळ्यापाशी धर," जाळीमागून तिचा बाप व्हर्नन ओरडला.

मी चेंडू खाली ठेवला आणि तिच्याजवळ गेलो. "एका हातात धर. हात बाजूला सरळ. वीसपर्यंत मोजतो."

नऊला टोक खाली आलं. तिनं ओठ चावला, पण बॅट सोडली नाही.

"काय चाललंय, रॉय?" व्हर्नन आत आला. "पुढच्या वर्षी बसेल तिला."

"निवड आज आहे. कोटाच्या बाह्या दुमडता येतात, ही कशी दुमडणार?"

"मी हिच्या वयात याहून जड फिरवायचो."

"माहितीये. आपण एकाच संघात होतो. तू किती वेळा बाद झालास तेही माहितीये."

बाकावरचे आईबाप हसले. तिथं माझं चुकलं. हसू ऐकलेला बाप माघार घेत नाही.

मी बादलीतली एकोणतीस इंची बॅट काढून टेसासमोर धरली. मुठीची पट्टी सुटलेली, रंग उडालेला.

व्हर्नन हळू बोलला. "ते भंगार हातात घेतलंस, टेस, तर घरी चालत यायचं."

घर चार मैलांवर. टेसानं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बॅट नुसती पुढे धरून ठेवली. माझ्या बोलण्यानं आधीच पुरेसं बिघडलं होतं.

तिनं बत्तीस इंची बॅट जाळीला टेकवली, आडवी टाकली नाही. मग माझ्या हातातली घेतली.

सहावा लागला. सातवा जेमतेम, बॅटची कड घासून रेषेच्या आत पडला. आठवा लागला तेव्हा बाहेर व्हर्ननच्या गाडीचं दार आपटलं. नववा तिसऱ्या बेसवरच्या पोराच्या डोक्यावरून गेला.

मी दहावा टाकणार, एवढ्यात व्हर्नन मैदानातून परत चालत आला. टेसा थांबली. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

त्यानं जाळीला टेकवलेली बॅट उचलली, बाहीनं पुसली आणि निघून गेला.

"थांबायचं का जरा?" मी विचारलं.

"नाही." तिनं नाक पुसलं. "टाका."

तो चेंडू मी सोपा टाकला नाही. तसा टाकला असता तर तिनं मला कधीच माफ केलं नसतं. आतून, छातीजवळून टाकला. बॅट वेळेवर आली.

यादीत नाव लिहून मी वर पाहिलं, तर ती रस्त्याला लागलेली होती.