मी, सुकीच्या हातातली गुंडाळी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. जुनी म्हणजे सुकीच्याच वयाची. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही, कारण मी सुकीच्या उजव्या हातातल्या एका नसेत राहते. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? तीच ती नस. शास्त्रज्ञ मला श्वान पेशी म्हणतात. हसू नका! कुत्र्याशी माझा काडीचा संबंध नाही. ते एका शास्त्रज्ञाचं आडनाव आहे.

माझं काम गुंडाळण्याचं. नसेत केसाहून कितीतरी बारीक तंतू असतात आणि स्पर्शाच्या, दुखण्याच्या खबरी विजेच्या रूपाने त्यांतून धावतात. सुकी आईच्या पोटात होती तेव्हाच अशा एका तंतूचा एक तुकडा माझ्या वाट्याला आला. मी त्याला मिठी मारली आणि माझ्याच अंगाची पातळ कड त्याच्याभोवती फिरवत राहिले. वेढ्यावर वेढा, वेढ्यावर वेढा. मधला रस पिळून बाहेर काढला, तेव्हा पांढरा, स्निग्ध असा घट्ट थर उरला. त्यालाच मायलिन म्हणतात. मेंदूतल्या आमच्या चुलत बहिणी एकेकट्या अनेक तंतूंना वेढे घालतात म्हणे. घालोत बापड्या! मला माझा एक तुकडा पुरे.

माझ्या पुढे दुसरी पेशी, तिच्या पुढे तिसरी, अशी आमची रांग आहे. दोघींच्या मध्ये मात्र तंतू जरासा उघडा असतो. तो आमच्या आळसामुळे राहिलेला नाही हं, मुद्दाम ठेवलेला आहे. आमच्या वेढ्यांमुळे वीज वाटेत गळत नाही, म्हणून खबर एका उघड्या जागेवरून थेट पुढच्या उघड्या जागेवर उडी घेते. ओढा ओलांडताना एक जण पाणी तुडवत चालला आणि दुसरा दगडावरून दगडावर उड्या मारत गेला, तर आधी कोण पोहोचेल? तसंच आहे हे. आमच्या शेजारच्या काही तंतूंना वेढे नसतात. त्यांची खबर रमतगमत येते. तव्याला बोट लागलं की आधी चटकन टोचतं आणि आग आग मागाहून होते, ते याचमुळे. ती पहिली खबर आमची! ती पाठीच्या कण्यात पोहोचते आणि कणा हात मागे ओढून घेतो. मेंदूसाहेबांना हे सगळं नंतर कळतं.

सुकी लग्न होऊन दाभोशाला आली आणि मीही तिच्याबरोबर आले. काय सांगू त्या हाताचं कौतुक! चिखलात रोपं लावणारा, विळा चालवणारा, नागलीची भाकर पानासारखी पातळ थापणारा हात. गावात लग्न असलं की भाकरी भाजायला सुकीला बोलावणं ठरलेलंच. चुलीसमोर ती बसली की तवा, भाकर आणि हात यांचा नुसता खेळ चालायचा. त्या खेळात तिला भाजू न देण्याचं श्रेय थोडं माझंही होतं, पण ते मला कोण देणार?

मग एके वर्षी तिच्या कोपराखाली फिकट चट्टा उठला. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. इकडे आत मात्र कुष्ठरोगाचे जंतू माझ्या शेजारणींच्या अंगात घर करून बसले होते. हे जंतू मोठे चिवट आणि सावकाश. ते नेमके आम्हा पेशींमध्येच मुक्काम करतात. त्यांच्याशी लढताना नस सुजली, आम्ही चेंगरलो आणि माझे वेढे सुटू लागले. खबर माझ्यापर्यंत यायची आणि तिथेच विरून जायची.

त्याच वर्षी उन्हाळ्यात एका लग्नात सुकी भाकर फुगवायला हाताची कड तव्यावर दाबून बसली आणि तिने हात मागे घेतलाच नाही.

"अगं बाय, पोळत नाय का तुला?" शेजारी भाकरी थापणाऱ्या सरूने विचारलं.

"नाय," सुकी हसून म्हणाली.

झालं! मांडवभर बोभाटा झाला. "सुकीच्या हाताला विस्तव पण भितो!" बायका मुद्दाम बघायला येऊ लागल्या. तिची सासू गौराबाई तर हवेतच. "सून कुणाची हाय?" असं म्हणत मिरवायची. मित्रांनो, उभ्या आयुष्यात आमच्या नसेची एवढी वाहवा कधी झाली नव्हती, आणि झाली ती अशी. मला रडू फुटत होतं. अरे, हात भाजतोय तिचा!

उज्ज्वला ही गावची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेची कार्यकर्ती. घरोघरी फिरताना एकदा ती सुकीच्या ओट्यावर टेकली आणि तिला करंगळीच्या कडेला फुटलेला फोड दिसला.

"हे कधी भाजलं गं?"

"कुठं?" सुकीने हात उलटा करून पाहिला. तिला ठाऊकच नव्हतं.

उज्ज्वलाची नजर वर चट्ट्याकडे गेली. तिने झोळीतून पेन काढलं. "डोळे मिट. पेन लागेल तिथं बोट ठेव." गालाला लागलं, सुकीने बरोबर बोट ठेवलं. डाव्या हाताला लागलं, तिथेही ठेवलं. मग सगळं शांत.

"लाव ना ताई, कवा लावतेस?" सुकी डोळे मिटूनच म्हणाली.

उज्ज्वला केव्हाची तिच्या करंगळीवर पेन टेकवत होती. दारात उभ्या गौराबाईने ते पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कोपराशी नस चाचपली. ती जाड झाली होती. "कुष्ठरोग आहे. औषधाने बरा होतो आणि औषध फुकट मिळतं," त्या म्हणाल्या. "पण नस सुजलीय. करंगळीची जाणीव परत येईल का, ते आज सांगता येणार नाही. नाही आली तर हात सारखा भाजेल, कापेल, बोटं वाकतील." परतताना जीपमध्ये सुकीने उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता.

घरी आल्यावर गौराबाईने चुलीवरचा तवा ओढून स्वतःपुढे घेतला. "तव्याला हात लावशील तर बघ!" शेजारची एक बाई, सुकीचं ताट वेगळं ठेव, असं सुचवायला आली. म्हातारीने तिच्या देखत सुनेच्या ताटातला घास उचलून खाल्ला. "दवा चालू हाय तिची. तू आपलं घर बघ." वा गं म्हातारे! मला हात असते तर मी तिथेच टाळ्या पिटल्या असत्या.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी लघवी लाल झाली तेव्हा सुकी घाबरून रडली. उज्ज्वलाने, तो औषधाचा रंग आहे, म्हणून तिला समजावलं. रोज संध्याकाळी गौराबाई सुनेचा हात पाण्यात भिजवायची, तेल लावायची आणि कुठे जखम तर नाही ना, हे बारकाईने पाहायची. सुकीने एक गोळी चुकवली नाही. जंतू मेले, सूज उतरली. मी माझ्या फाटक्या वेढ्यांचा पसारा आवरला आणि पुन्हा तंतूला मिठी मारली. नवी गुंडाळी पहिल्याइतकी जाड होत नाही, मित्रांनो. तरी मी घालत राहिले. हात मात्र अजून मुकाच होता, आणि सुकीने आशा सोडल्यासारखं दिसत होतं.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात सासू-सुना ओढ्यावर खेकडे धरायला गेल्या. सुकीने एका दगडाखाली हात घातला. आणि अहाहा! करंगळीच्या टोकाकडून खबर निघाली, उडी घेत घेत माझ्यापर्यंत आली आणि मी ती पुढे जाऊ दिली.

"आयाया! मेले गं आय!"

गौराबाई पाणी उडवत धावली. "काय झालं?"

सुकीने हात वर केला. करंगळीला हा एवढा खेकडा लोंबत होता. सुकी त्याच्याकडे बघतच राहिली. "आय, दुखतंय," ती हळूच म्हणाली. मग जोरात ओरडली, "आय, करंगळी दुखतेय माझी!"

म्हातारीने खेकडा सोडवला, ती करंगळी आपल्या दोन्ही हातांत धरली आणि मटकन पाण्यातच बसली. "अजून दुखतंय?"

"लई दुखतंय!"

"दुखू दे, पोरी, दुखू दे," असं म्हणत ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

मित्रांनो, अंगावर असा मुका चट्टा दिसला तर दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. दुखत नाही, हीच तक्रार समजा आणि लगेच दाखवा. लपवू नका, आणि ज्याला तो असेल त्याला दूर लोटू नका. आणि कधी काटा रुतला, चटका बसला, तर खुशाल बोंब ठोका. तुमच्या हातातली माझी बहीण वेळेवर पोहोचली, असं मी समजेन.