उंबऱ्यातला खिळा

सकाळी उठल्यावर चूळ भरायच्याही आधी भूमिका पुढल्या दाराचा उंबरा बघून यायची. उंबरा ओला असायचा. पौषातली कोरडी थंडी, अंगणात धूळ, आणि उंबरा मात्र नुकतंच कुणी ओल्या पायांनी घरात शिरावं तसा ओला. मधोमध ठोकलेल्या खिळ्याभोवती तांबडं पाणी साचलेलं असे. त्याची बारीक धार पायरीवरून खाली ओघळून अंगणात जिरलेली असे.

तो खिळा पोपटकाकानं ठोकला होता. भाद्रपदातल्या उधाणाला खाडीच्या बांधाला खांड पडली. बांध फुटून खारं पाणी भातात शिरायला लागलं, तेव्हा गावातली माणसं मातीच्या गोणी घेऊन धावली. त्यांत भूमिकाचे बाबा मिथुन सगळ्यांत पुढं होते. खांड बुजली, माणसं घरी आली, बाबा आले नाहीत. होड्या घालून तिवरांच्या झाडीत शोधलं, पार धरमतरपर्यंत माणसं जाऊन आली. काही हाती लागलं नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. बारावं झाल्यावर गावच्या रीतीप्रमाणे उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकला. अवेळी गेलेल्या माणसाला घराची ओढ असते, तो परत यायला बघतो आणि लोखंड ओलांडून त्याला आत येता येत नाही, असं तिकडं मानतात. काका रोज दिवेलागणीला खिळ्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरातलं जाडं मीठ पसरायचा. मिठाचाही त्यांना धाक असतो म्हणे.

तरी खिळा टिकेना. पापुद्रे सुटून तो बारीक व्हायचा, हात लावला की डोकं गळून पडायचं. काका नवा ठोकायचा, तोही तसाच व्हायचा. एकदा सकाळी काकानं उंबऱ्यावरच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"खारं हाय," तो म्हणाला. "खाडीचं पाणी. वैनी, दादा येतो."

आई, म्हणजे अनिता, चुलीशी बसली होती. तिनं नुसतं चुलीतलं लाकूड आत सारलं.

त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका त्यांच्या पायरीवर टेकेनाशा झाल्या. काकाचं बिऱ्हाड शेजारच्याच खोल्यांत. काकी तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी गेली ती परत यायचं नाव घेईना. काका रोह्याला कंपनीत कामाला. शिफ्ट संपवून कासू स्टेशनला उतरला की अंधार पडायच्या आत घर गाठायला तो धावत यायचा. आणि एका संध्याकाळी त्यानं सांगून टाकलं की अवसेला खांब गावाहून हैबतराव भगत येणार आणि दादाला बांधणार.

"बांधणार म्हंजे?" भूमिकानं विचारलं.

"नारळात घ्यायचं आणि खाडीपार नेऊन ठेवायचं. मग या घराकडं वळायचा नाय."

"कधीच?"

"अगो, त्याच्याच बऱ्याकरता. दारात ताटकळत उभा ऱ्हातो, ते बरं वाटतं तुला?"

भूमिकाला ते बरं वाटत नव्हतं. पण बाबा दारापर्यंत येतात, एवढं तरी होतं. तेही आता कुणी नारळात कोंडून पलीकडं नेऊन ठेवणार होतं. दारात येतात ते खरंच बाबा आहेत का, हे तिला अवसेच्या आत कळायला हवं होतं.

शाळेत त्याच दिवसांत गंजाचा धडा आला. हुस्नबानो बाई विज्ञान शिकवायच्या. उत्तर सांगायची त्यांना कधी घाई नसे. टेबलावर त्यांनी तीन परीक्षानळ्या ठेवल्या. एकीत खिळा आणि साधं पाणी. दुसरीत खिळा आणि उकळून हवा काढलेलं पाणी, वर गोडेतेलाचा थर, म्हणजे नवी हवा आत जायला नको. तिसरीत नुसता कोरडा खिळा आणि वर बूच.

"तिसरीत ओल शोषून घेणारं काहीतरी घालायचंय," बाई म्हणाल्या. "आपल्याकडची पावडर संपलीय. विचार करा, उद्या बोलू."

विशालला उद्यापर्यंत थांबायचं माहीत नव्हतं. त्याच्या घरचं मिठागर. बाई दुसऱ्या वर्गावर गेल्या तशी त्यानं डब्यातून मूठभर जाडं मीठ काढलं, तिसऱ्या नळीत ओतलं, खिळा त्यात खोचला आणि बूच लावून टाकलं.

"बाई, आमच्या घरात सगळी ओल मीठच पितं," त्यानं दुसऱ्या दिवशी छाती काढून सांगितलं. "पावसात बरणीला पाझर फुटतो."

बाईंनी नळी उजेडात धरली, ओठांतल्या ओठांत हसल्या आणि परत जागेवर ठेवली. "ठीक आहे. राहू दे. कुठला खिळा आधी गंजेल? ज्याला जो वाटतो त्या नळीसमोर उभं राहा."

सगळी पोरं पहिल्या नळीसमोर गेली. भूमिका बाकावरच बसून राहिली. तास संपल्यावर ती बाईंच्या टेबलापाशी आली.

"बाई, लोखंडाला कुणी हात लावला तर गंजतं का ते?"

"कुणी म्हणजे?"

"कुणी… ओल्या अंगाचं."

बाई त्याच भागातल्या. गावात काय बोललं जातं ते त्यांच्या कानावर होतं. त्यांनी पुस्तक मिटलं.

"ओल आणि हवा दोन्ही मिळाली की लोखंड गंजतं, बाळा. ओल कुणी आणली ते लोखंडाला कळत नाही. ते आपण शोधायचं."

अवस जवळ आली तेव्हा नळ्यांचा निकाल लागला होता. पहिल्या नळीतला खिळा तांबूस झाला होता. तेलाखालचा जसाच्या तसा होता. आणि जो कोरडा राहायचा, तो विशालचा खिळा सगळ्यांत वाईट गंजला होता. त्याच्या अंगावर फुगलेले तांबडे पापुद्रे आले होते, मीठसुद्धा विटकरी झालं होतं.

"विश्या, खिळ्याची भजी केलीस," मागून कुणीतरी म्हणालं.

"खाऊन बघ मग, मीठ बरोबर हाय," विशाल म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "मीठ ओल पितं हे त्याचं बरोबर आहे. पण डब्यात असतानाच प्यायलेली ओल जाते कुठं? मिठातच राहते. म्हणजे खिळा इतके दिवस खाऱ्या पाण्यात बसलाय. आणि मीठ असलं की गंजाला घाई होते. विशालनं चूक केली म्हणून आज आपल्याला जास्त कळलं."

भूमिकाच्या डोळ्यांसमोर उंबरा आला आणि त्यावर मीठ पसरणारा काकाचा हात. खिळा गंजला म्हणून काका घाबरत होता, आणि घाबरला की आणखी मीठ टाकत होता.

पण एवढ्यानं भागत नव्हतं. घरी गेल्यावर तिनं मागच्या दाराच्या उंबऱ्यात एक खिळा ठोकला आणि त्याच्याभोवती तसंच मीठ पसरलं. सकाळी मीठ चिकट झालं होतं, घामेजल्यासारखं. त्यातून ओघळ मात्र वाहिला नव्हता. ती धावत पुढल्या दाराशी गेली. तिथला उंबरा नेहमीसारखा भिजलेला होता, तांबडी धार पायरीवरून उतरली होती.

मीठ काकाचं होतं. पाणी कुणाचं?

त्या दिवशी तिचं कशात लक्ष लागलं नाही. आता तिला भीती वाटत होती आणि त्या भीतीच्या आत, कुणाला सांगता येणार नाही असं काहीतरी सुखाचंही वाटत होतं. बाईंचा प्रयोगसुद्धा ते पाणी पुसू शकला नव्हता. कुणीतरी येत होतं.

अवसेच्या दिवशी ती पहाटेच जागी झाली. दाराच्या फटीतून नुकतं करडं उजाडत होतं. ओहोटीची वेळ असावी, खाडीकडून चिखलाचा वास येत होता. आणि तिला आवाज ऐकू आला. पुढल्या दाराशी पाणी पडत होतं. कुणी पायावर घ्यावं तसं, हळूहळू, थांबून थांबून.

"बाबा," ती पुटपुटली.

ती भिंतीला धरून पुढं आली. दार उघडं होतं. उंबऱ्याच्या आत आई ओणवी उभी होती. हातात तांब्या होता आणि ती तांब्यातलं पाणी उंबऱ्यावरून बाहेरच्या पायरीकडं, समोर कुणी उभं असल्यासारखं, ओतत होती. घरी आलेल्याच्या पायावर घालतात तसं. पाणी संपलं तशी तिनं दोन्ही हातांनी दार आणखी उघडून धरलं आणि एका बाजूला सरकून उभी राहिली, वाट देऊन.

मग वळली आणि तिला भूमिका दिसली.

"दमून येतात," आई म्हणाली. "पायावर पानी नको घालायला?"

"आये, तू बघितलंस त्यांना?"

आईनं मान हलवली. ते व्हय होतं की नाय, भूमिकाला कळलं नाही.

"काकाला सांगू नको गो. मी त्यांना आत घ्यायला बघते म्हंटल्यावर तो मला वेडी ठरवील."

"नाय सांगितलं तर आज बांधतील बाबांना."

आई तांब्याकडं बघत राहिली.

हैबतराव दुपारी आला. पांढऱ्या मिशांचा, बारीक आवाजात बोलणारा माणूस. ओटीवर त्यानं तांदूळ मांडले, नारळ मांडला, आणि मिथुनच्या अंगावरचा एखादा कपडा मागितला. काकानं खुंटीवरचा शर्ट आणून दिला. हैबतरावनं उंबऱ्याची माती चिमटीत धरून जिभेवर ठेवली.

"खारी हाय," तो म्हणाला. "खाडीतूनच येतो."

भूमिका दप्तरातून नळी घेऊन पुढं आली. बाईंकडून तिनं ती मागून आणली होती. नारळाच्या शेजारी तिनं ती ठेवली.

"याला कुणी हात नाय लावला," ती म्हणाली. "आत नुसतं मीठ हाय. बघ काका, आपल्या खिळ्यासारखाच झालाय. आणि तुझं मीठ पाण्यात विरघळतं म्हणून पाणी खारं लागतं. खाडीचं नाय ते."

"शाळेतलं शाळेत ठेव," काका म्हणाला. मग तो थांबला, नळी उचलून डोळ्यांजवळ नेली. तो कंपनीत लोखंडातच वावरणारा माणूस. "बरं, मीठ माझं. पण पानी? रोज पानी कोन आनतं?"

भूमिकानं आईकडं बघितलंही नाही, खाली मान घालून नुसती उभी राहिली. हैबतरावनं शर्टाची घडी घातली आणि ती नारळाभोवती गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा बसला. दुसऱ्या वेढ्याला त्यानं बाहीची गाठ मारायला घेतली.

"मी," आई आतल्या दारात येऊन म्हणाली.

काका वळला.

"मी ओतते, भावजी. रोज पहाटे. ते यावेत म्हनून."

"आनि मी रोज मीठ टाकतो," काका हळू म्हणाला, "तो येऊ नये म्हनून."

हैबतरावनं गाठ सोडली. शर्ट झटकून, नीट घडी करून आईपुढं ठेवला. तांदूळ गोळा केले.

"माझं इथं काम नाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "जो येतच नाय, त्याला मी बांधू कुठून?"

भूमिकाला तेच ऐकायचं होतं. बाबांना आता कुणी बांधणार नव्हतं. पण 'येतच नाय' हेही तिनं ऐकलं. ती ओटीवर खाली बसली. आईनं शर्ट छातीशी घेतला नव्हता, तो तिच्यासमोर तसाच पडला होता आणि ती दाराबाहेर बघत होती, पायरी, अंगण, कुंपण, आणि पुढं नुसता बांध.

संध्याकाळी काका मिठाची वाटी घेऊन आला नाही. पक्कड घेऊन आला. उंबऱ्याशी उकिडवा बसून त्यानं खिळा धरला, पण खिळा पकडीतच मोडला. अर्धा लाकडात राहिला.

"कोरून काढू का, वैनी?"

"ऱ्हाऊ दे."

"नवा?"

"नको. कशाला आता?"

काका थोडा वेळ घुटमळला आणि आपल्या खोल्यांकडं गेला. आई उंबऱ्यावर बसली. भूमिका तिला टेकून बसली. लाकूड कोरडं होतं. अंगणात अंधार पडत होता, पण आज कुणीच दार लावायची घाई करत नव्हतं. बाहेरून वाऱ्याशिवाय काही आत येत नव्हतं. इतके दिवस घरात जी चाहूल होती, ती आज नव्हती. घर फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

"आये," भूमिकानं विचारलं, "मी दाखवलं ते चुकलं का गो?"

आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"त्यांना पोहता यायचं चांगलं," ती म्हणाली. "तुला ठाऊक नसंल. लग्नाआधी खाडीच्या या काठावरून त्या काठाला जायचे, सोबत्यांशी पैज लावून. मला वाटायचं, पोहनारा मानूस…" ती थांबली. "गोनी खांद्यावर होती. जड होती. ती टाकली नसनार त्यांनी."

मग ती रडली. उधाणानंतर पहिल्यांदाच. भूमिका तिला धरून बसली, आणि पलीकडं अंधारात खाडीचं पाणी तिवरांच्या मुळांत शिरत राहिलं.