दहा बोल्ट

सातवा बोल्ट काही केल्या हलेना. थोरल्या सुनेनं पाना दोन्ही हातांनी धरला, पाय बंपरला टेकवला आणि होतं नव्हतं ते बळ लावलं. बोल्ट जागचा ढळला नाही. हात मात्र निसटला आणि बोटाचं सालटं निघालं.

"आधी तेल सोड," खुर्चीवर बसलेले सासरे म्हणाले. "गंजलेल्या बोल्टला आणि रुसलेल्या माणसाला वेळ द्यावा लागतो."

सासऱ्यांचा जन्म बसडेपोत इंजिनं उघडण्यात गेला होता. आता काचबिंदूनं नजर अधू झाली होती. समोर माणूस आहे एवढं कळायचं, चेहरा कळायचा नाही. आणि सून शिवणकाम करणारी. चार महिन्यांपूर्वी तिला पाना कुठला आणि पकड कुठली हेसुद्धा सांगता आलं नसतं. तरी तिनंच विषय काढला होता. शेडमधली जुनी गाडी पुन्हा उभी करू, तुम्ही सांगा, मी करते. नवरा पोट धरून हसला होता. शिलाईच्या मशीनला तेल घालण्याइतकं सोपं वाटलं का, असं त्यानं विचारलं होतं.

ती हटली नाही. काढलेला प्रत्येक बोल्ट ती पुठ्ठ्याला भोकं पाडून त्याच क्रमानं खोचून ठेवायची. सासरे त्या पुठ्ठ्यावरून बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, हात सफाईचा आहे तुझा. ते असं म्हणाले की ती उगाचच फडकं शोधायला वळायची.

एकोणीस वर्षांपूर्वी, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं असताना, घरात कुणी नाही असं बघून तिनं हीच गाडी बाहेर काढली होती. नुकतीच शिकली होती, हौस होती. टेकडीच्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. थांबलं तर चारचौघांत बभ्रा होईल म्हणून ती थांबली नाही. वाफा सोडणारी गाडी तिनं शेडमध्ये लावली आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या दिरानं गाडी सुरू केली. दहा पावलांवर इंजिन खडखडलं आणि जाम झालं. सगळं खापर त्याच्यावर फुटलं. तुझ्या हातात सायकल द्यायचीसुद्धा सोय नाही, असं सासरे गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, आणि गाडीला त्यांनी पुन्हा हातही लावला नाही. दिरानं चकार शब्द काढला नाही. वर्षाच्या आत तो दुसऱ्या गावी नोकरीला लागला, आणि मग पाहुण्यासारखा येत राहिला. तीही मूग गिळून बसली.

तेल मुरल्यावर सातवा बोल्ट सुटला, मग उरलेले तीनही. इंजिनाचा वरचा जड भाग, हेड, दोघांनी मिळून उचलून बाकावर ठेवला. खाली इंजिनाच्या ब्लॉकवर चिकटलेल्या पॅकिंगच्या पातळ पत्र्यावरून सासरे बोटं फिरवू लागले. एका जागी बोट थांबलं.

त्यांनी तिला विचारलं, इथं पाणी जायचं भोक आहे का. तिनं वाकून पाहिलं. टॉर्च आणून पुन्हा पाहिलं. पॅकिंग फाटलं होतं, तिथून खालचं दिसत होतं. ब्लॉकला भोक होतं. पॅकिंगचं भोक मात्र पलीकडच्या टोकाला होतं.

"उलटं बसलंय," सासरे म्हणाले. "पाणी नीट फिरतच नव्हतं."

मग ते हळूहळू सांगू लागले. गाडी बंद पडायच्या महिनाभर आधी त्यांनीच इंजिन उघडलं होतं, त्यांनीच हे पॅकिंग बसवलं होतं. चढावर कुणीही चालवली असती तरी ती तापली असती.

"पोराचा काही दोष नव्हता," ते म्हणाले.

सुनेचा जीव क्षणभर भांड्यात पडला, आणि लगेच तिला स्वतःची शिसारी आली. आता गप्प राहिलं तरी चालण्यासारखं होतं. म्हाताऱ्यानं सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं.

"बाबा, आदल्या दिवशी गाडी मी नेली होती," ती म्हणाली.

सासऱ्यांनी फडक्याला बोटं पुसली. एकेक बोट, सावकाश.

"काटा लाल झाल्यावर थांबलीस?"

"नाही."

"लगेच बंद केली असती, तर सिलिंडरच्या भिंती वाचल्या असत्या." त्यांचा आवाज चढला नाही. "फोन लाव त्याला. आधी तुझं सांग, मग माझ्याकडे दे."

तिनं दिराला सगळं सांगितलं, कणकेसकट. मला ठाऊकच होतं माझं काही चुकलं नव्हतं, असं तो म्हणेल याची ती वाट बघत होती. एवढी वर्षं ती त्याच आधारावर झोपत आली होती, की त्याला निदान स्वतःचं खरं माहीत आहे.

"म्हणजे झाकणामुळे नव्हतं झालं?" तो म्हणाला.

"कुठलं झाकण, भावोजी?"

"रेडिएटरचं. आदल्या दिवशी सकाळी पाणी मी भरलं होतं. झाकण नीट लावलं की नाही, ते मला आजतागायत आठवत नाही, वहिनी."

तोच पुढे बोलला, जणू दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसा. मुलीच्या वेळी बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं. ऑफिसची गाडी दारात उभी होती. त्यानं शेजाऱ्याला बोलावलं होतं. एकोणीस वर्षांत तो स्टिअरिंगवर बसला नव्हता. घरच्या कार्यात सगळे त्याला त्यावरून चिडवत. तीही चिडवायची, भावोजी, आम्ही म्हाताऱ्या झाल्यावर लायसन्स काढणार का, हे वाक्य तिचंच होतं.

"चुकलं माझं, भावोजी."

"बाबांना द्या," तो म्हणाला.

सासऱ्यांनी फोन कानाला लावला. मग म्हणाले, "पॅकिंग मी उलटं लावलं होतं रे."

त्यांचं बोलणं आपण ऐकू नये म्हणून सून एक पातळ पत्ती घेऊन ब्लॉकवरचं जुनं पॅकिंग खरवडू लागली. ते चिवट होतं, चिंध्यांनी निघत होतं. मधूनच कानावर पडायचं: हो, तीच काढते आहे. शिकली. अजून कच्ची आहे.

मग सासऱ्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला.

"तो विचारतोय, सिलिंडरच्या भिंतीला चर पडलेत का."

तिनं पत्ती बाजूला ठेवली. पहिल्या सिलिंडरमध्ये बोट घालून गोल फिरवलं, मग दुसऱ्यात, तिसऱ्यात. भिंती गुळगुळीत लागल्या. चौथ्यात नख अडकलं. तिनं ते वरून खालपर्यंत नेलं.

सासऱ्यांना इतकं बारीक दिसत नव्हतं, आणि दीर तर तिकडे होता.

"चौथ्यात आहे," ती म्हणाली. "खोल आहे."