दांडाचं लुगडं

आठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर सुरभीला पहिल्यांदाच एका अख्ख्या सिनेमाचे कपडे एकटीने करायला मिळाले. सिनेमा पेणच्या खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या बायकांचा, आणि काळ १९८२ सालचा. दिग्दर्शक आदेश तिच्याच वयाचा, हुशार, पण घाईचा माणूस. कपड्यांबद्दल त्याचं म्हणणं अगदी सोपं होतं.

"सगळं मातकट ठेव. स्वस्तातल्या सुती साड्या घे, चहाच्या पाण्यात बुडव. जुन्या दिसल्या की झालं."

सुरभी हो म्हणाली खरी, पण तिच्या मनाला ते पटेना. ती मूळची रोह्याची. वडील धाटावच्या कंपनीत शिफ्ट करायचे, आणि आजोळी पनवेलला जाताना गाडीच्या खिडकीतून मिठाचे पांढरे ढीग तिने कितीदा पाहिले होते. ढीग तिला चांगले आठवत होते. त्या ढिगांवर चढणाऱ्या बायकांच्या अंगावर काय होतं, ते मात्र काही केल्या आठवेना. इतकी वर्षं आपण काय पाहत होतो, असा प्रश्न तिला पडला आणि तो मग पाठच सोडेना. पंधरा दिवसांची सवड मागून ती रोह्याला घरी आली.

सुरुवात तिने जगनकाकांच्या फोटो स्टुडिओपासून केली. स्टुडिओ त्यांच्या वडिलांनी काढलेला. आता तिथे पासपोर्टचे फोटो आणि झेरॉक्स एवढंच चालायचं, पण जुने फोटो काकांनी पत्र्याच्या पेट्यांत जपून ठेवले होते. सुरभी दोन दिवस त्या पेट्यांपुढे मांडी घालून बसली. नवरा-नवरी, बारशी, सत्काराचे हार घातलेली माणसं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या लक्षात एक गोष्ट आली. वेगवेगळ्या गावच्या अकरा बायका, पण अकराही जणींच्या अंगावर एकच साडी. पदरावरचा मोर तोच, आणि मोराच्या मानेजवळचा डागही तोच.

"ती आईची साडी," जगनकाका हसले. "दांडीवर टांगलेली असायची. फोटोला येणारी बाई रोजच्या लुगड्यावर ती गुंडाळायची. पुरुषांसाठी एक कोटपण होता."

"मग रोजच्या कपड्यातला फोटो?"

"कामाच्या कपड्यात फोटो कोण काढून घेईल गो? फोटो म्हणजे सणच असायचा."

सुरभीने पेटी मिटली. म्हणजे दोन दिवस ती ज्याला पुरावा समजत होती, तोही एक प्रकारचा वेशच होता. तिचा चेहरा पडलेला पाहून काकांना काहीतरी आठवलं. आतल्या कपाटातून त्यांनी एक मोठा काळा-पांढरा फोटो आणला. पेणच्या एका मंडळाने चाळीसेक वर्षांपूर्वी गणपतीत मिठागराचा देखावा केला होता, आणि त्याचा फोटो काढायला काकांच्या वडिलांना बोलावलं होतं. गणपतीच्या मागे मिठाचा ढीग होता आणि ढिगावर टोपल्या घेतलेल्या तीन बायकांच्या मूर्ती.

सुरभीने भिंग लावलं. तिन्ही लुगड्यांवर नडगीच्या जागी एक आडवी रेघ होती. रेघेच्या वर कापड साधं, आणि खाली बारीक फुलं.

तिने फोटोचा फोटो काढून आदेशला पाठवला. त्याने फोन केला. "पाण्यात उभ्या असतील. ओलं झालेलं दिसतंय."

"ओलं झाल्यावर कापडावर फुलं उगवत नाहीत," सुरभी म्हणाली.

"मग मूर्तिकाराला रंग कमी पडला असेल. सुरभी, पंधरा दिवसच आहेत हां."

ती रेघ मात्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: मूर्तिकार पुंडलिक, जोहे.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या गाडीने पेणला उतरली आणि एसटीने जोह्याला गेली. भातशेतांच्या मधून रस्ता, आणि गावात शिरल्यापासून दुतर्फा कारखाने. पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या गणपतींच्या रांगा ताडपत्रीखाली बसलेल्या. पुंडलिककाका सत्तरीकडे झुकलेले, हात कोपरापर्यंत शाडूने माखलेले. फोटो पाहताच ते काम सोडून उठले.

"दोन मोडल्या," ते म्हणाले. "तिसरी माळ्यावर हाय. ती मी ठेवली."

साच्यांच्या मागून त्यांनी ती मूर्ती खाली घेतली. अंग कागदाच्या लगद्याचं, तोंड आणि हात मातीचे. नाकाचा टवका उडालेला. पण सुरभीची नजर खिळली ती दुसऱ्याच गोष्टीवर. मूर्तीला लुगडं रंगवलेलं नव्हतं. ते खरंच नेसवलेलं होतं.

तिने हात धुतले, पुसले आणि मगच कापडाला लावले. वरचा भाग विटक्या हिरव्या रंगाचा, पापडासारखा ताठ. खालचा हातभर पट्टा तांबड्या फुलांचा, दुसऱ्याच लुगड्याचा. दोन्हींना जोडणारी लुगड्याच्या लांबीभर घातलेली शिवण, हाताची, बारीक. फोटोतली रेघ म्हणजे ही शिवण.

"दांड भरलाय," ती हळूच म्हणाली. जुन्या लुगड्याला दुसरं कापड जोडून शिवण घालायची, त्याला दांड म्हणतात हे तिला ठाऊक होतं. पण दांड भरायचा तो फाटलेला भाग लपवायला. इथे तर पट्टा डोळ्यांत भरेल असा.

"लुगडं मिठागरातल्या बाईचं आहे का, खरोखरीचं?"

"व्हय. चंद्रावती नाव तिचं. कामावरचंच दिलं तिनं मला. बाकीच्या दोघींची मी त्याच्यावरून रंगवली."

सुरभी मूर्तीभोवती फिरली. मग तिला राहवेना. तिने स्वतःच्या ओढणीच्या तशाच निऱ्या करून पुढे खोचल्या आणि वाकून पाहिलं. निऱ्या पायात आल्या. टोपली उचलायला गेली असती, तर ती तोंडावर आपटली असती.

"काका, हे नेसून चिखलात काम कसं व्हायचं?"

पुंडलिककाका बोटांवरची माती खरवडू लागले.

"लुगडं खरं," ते म्हणाले. "नेसणं मला विचारू नको. नेसणं तिला विचार."

चंद्रावतीबाईंचं घर कासू स्टेशनवरून खाडीच्या दिशेला होतं. सुरभी मिनीडोअर रिक्षाने शेवटच्या थांब्यापर्यंत गेली आणि पुढे बांधावरून चालत. बाई अंगणात सुकवलेले सोडे निवडत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, काटक, डोळे बारीक करून पाहणाऱ्या. सुरभीने आपण कोण, कशासाठी आलो ते सांगितलं आणि मोबाईलवर मूर्ती दाखवली.

बाईंनी फोन लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

"अजून हाय ती? आन अजून तशीच नेसवलीय?"

"चुकीचं आहे ना ते?"

"नवरी नेसते तसा हाय तो. देखावा बघायला आमी सगळ्या पेणला गेलेलो. मला बोलल्या, चंद्रा, तू तर घोट्यापातूर लुगरा नेसून मीठ वाह्याला चाललीस. सगळ्या हसल्या. मी नाय हसली. माझा होता तो."

"खाली वेगळा पट्टा का जोडलाय, काकू?"

बाईंनी सोड्यांचं सूप बाजूला सरकवलं.

"खारा पानी पयला खालची किनार खातो. वरचा चांगला ऱ्हातो आन खालच्या चिंध्या व्हतात. मंग खालचा कापून टाकायचा आन दुसरा जोडायचा. आता एकटीला नवा लुगरा फाडायला कसा परवडंल? आमी तिघी एका टोळीतल्या. मी, मालू आन धोंडुबाई. एक नवा लुगरा घ्यायचा, त्याचे उभे तीन पट्टे करायचे, आन तिघींनी जोडायचे."

"म्हणजे तिघींची खालची किनार एकसारखी?"

"हाय ना. शेजारच्या टोळीची निळी व्हती, आमची तांबड्या फुलांची. लांबनं दिसायचा, कोन कुनाची ती. ऊन असा मारायचा मिठावर, का तोंड दिसायचाच नाय. किनार दिसायची."

सुरभीने लिहायला वही काढली होती, पण तिचा हात थांबला. सिनेमात चाळीस बायका होत्या. त्या सगळ्यांना मातकट रंगात बुडवून तिने एकजात सारख्या केल्या असत्या. आणि इथे खऱ्या बायकांनी, फाटक्या लुगड्यांवर का होईना, आपली टोळी लांबूनही ओळखू यावी अशी सोय केली होती.

"काकू, नेसून दाखवाल?"

"माझ्यावर कशाला? त्याच्या त्या बाईलाच नेसवते. चल, उद्या येते मी जोह्याला."

दुसऱ्या दिवशी चंद्रावतीबाई स्वच्छ पातळ नेसून, हातात सुईदोऱ्याची डबी घेऊन कारखान्यात आल्या. पुंडलिककाकांनी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"तू बांधावर बसून चितारायचास आमाला. तुला दिसत नव्हता, आमी गुडघ्याच्या वर नेसतो ते?"

"दिसत होतं," काका म्हणाले. "पहिल्यांदा तसंच नेसवलेलं मी. मंडळाचे अध्यक्ष बोलले, बाप्पापुढं बायकांचे गुडघे उघडे दिसायला नकोत, खाली सोड. मी सोडलं. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो, चंद्राबाय. पयलंच मोठं काम माझं."

"मंग मला सांगायचास."

"लाज वाटली."

बाईंनी लुगड्याच्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि पुंडलिककाकांच्या तळहातावर ठेवत गेल्या. जीर्ण कापड फाटू नये म्हणून लुगडं ओढण्याऐवजी त्या स्वतःच मूर्तीभोवती फिरल्या. काष्टा घट्ट घेतला, लुगडं आडवं, मांड्यांना चिकटून, गुडघ्याच्या वीतभर वर. पदर पाठीवरून आणून कमरेला आवळला. मग म्हणाल्या, "एक गोणपाट दे." गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात घालून त्यांनी खोळ केली आणि ती मूर्तीच्या डोक्यावरून पाठीवर सोडली. "टोपलीतला पानी ठिबकतो. खांदे खातो."

आता फुलांची किनार मांडीवर, पायांच्या हालचालीबरोबर हलेल अशा जागी आली होती. नाक फुटलेली ती मूर्ती एकाएकी कामाला निघाल्यासारखी दिसू लागली. सुरभी सगळ्या बाजूंनी फोटो काढत होती, पाठीमागून सर्वांत जास्त.

"आता बरी हाय," बाई म्हणाल्या आणि तेव्हा कुठे खुर्चीवर बसल्या. पुंडलिककाकांनी चहा सांगितला.

पुढच्या आठवड्यात सुरभीने रोह्यातल्याच एका शिंपिणीकडून सहा लुगडी दांड भरून घेतली, दोन टोळ्यांची, आणि मिठाच्या पाण्यात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवली. समाजमंदिराच्या हॉलमध्ये ट्रायल ठेवली. मुख्य भूमिका करणारी भाविका मुंबईहून आली, आदेशही आला. त्याने ती लुगडी पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"फार रंगीत आहे हे. गणवेश वाटेल. लोक म्हणतील, गरीब बायकांना मॅचिंग घातलंय."

"आधी चालताना बघ," सुरभी म्हणाली.

नेसवायला चंद्रावतीबाई आल्या होत्या. सहा मुली हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला टोपल्या घेऊन चालल्या, वाकल्या, उठल्या. कुणाचाही पदर सुटला नाही, कुणीही अडखळलं नाही. सुरभीने मागचा दरवाजा उघडला. एप्रिलचं ऊन आत आलं आणि दारातून ये-जा करणाऱ्या मुलींचे चेहरे पार काळे दिसायला लागले. दिसत होत्या फक्त उन्हात उजळलेल्या किनारी. तीन तांबड्या आणि तीन निळ्या.

आदेश दारापर्यंत गेला. बाहेर पाहू लागला.

"संपाच्या सीनला," तो म्हणाला, "या दोन टोळ्या एकमेकींत मिसळतात तिथे..." आणि त्याने वाक्य अर्धंच सोडून खिशातून पटकथेचे कागद काढले. चहाच्या पाण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

चंद्रावतीबाई मात्र त्या मुलींच्या चालण्यावर खूश नव्हत्या. भाविका परत आली तेव्हा त्यांनी तिला उभी केली, वाकून तिच्या पायांकडे पाहिलं. गुलाबी, मऊ टाचा, नखांना फिकट रंग.

"लुगरा झाला," त्या सुरभीला म्हणाल्या. "पायांचा काय करनार तुमी? मिठात पाय असे नाय ऱ्हात."

"कसे होतात, काकू?"

बाईंनी आपली चप्पल काढली आणि पाय उजेडात पुढे केला. सुरभी जमिनीवर बसली, वहीचं कोरं पान उघडलं आणि जवळ सरकली.