तळ्याकाठी राहिलेला ख्वान

थायलंडमधल्या नदीकाठच्या गावात चानपेंगच्या घरी भाडं देऊन पाहुणे उतरत, मेकाँगवरच्या धुक्याचे फोटो काढत आणि दोन दिवसांनी निघून जात. आइनो मात्र आठवडा झाला तरी हलली नव्हती. फिनलंडहून आलेली ही पन्नाशीची बाई दिवसभर खिडकीशी बसे. चिकटभाताचा घास बोटांत धरी आणि खायचं विसरून जाई.

“तुझी पाहुणी निम्मीच आलीय गं,” शेजारची मालाई म्हणाली. “बाकीची तिकडंच राहिलीय.”

चानपेंगलाही तेच वाटत होतं. माणूस फार भ्याला की त्याचा ख्वान, म्हणजे त्याचा जीवात्मा, अंगातून उठून भटकायला लागतो, हे गावातल्या पोरांनाही ठाऊक होतं. तिनं सकाळीच केळीच्या पानांचा उभा कोन वळला, त्यात फुलं खोचली, शेजारी उकडलेलं अंडं ठेवलं आणि भटक्या ख्वानला हाका घालून परत आणणाऱ्या खाम आजोबांना बोलावणं धाडलं.

“कुठं राहिलाय तुझा ख्वान, पोरी?” आजोबांनी विचारलं.

आइनोला मोडकंतोडकं थाई येत होतं. “तळ्यावर,” ती म्हणाली. “बर्फ फुटला. नवरा आत गेला. मी काठावर होते.”

आजोबांनी तिला तळ्याचं नाव विचारलं आणि तीनदा म्हणून पाहिलं. जीभ वळेना. “राहू दे. ज्याला यायचंय त्याला रस्ता ठाऊक असेल.”

मग ते संथ सुरात हाका घालू लागले. ये बाई, त्या गार पाण्यापाशी बसू नकोस. डोंगर लागतील, नद्या लागतील, भिऊ नकोस. इथं भात वाफाळतोय. चानपेंगचे डोळे मिटले. पांढऱ्याशुभ्र पठारावरून कुणीतरी अनवाणी चालत येत होतं आणि त्याच्या पावलांखाली गवत उगवत होतं. तिनं डोळे उघडले तेव्हा धुकं चटईपर्यंत आलेलं होतं.

आजोबांनी अंडं सोललं. ते गुळगुळीत, अखंड निघालं. “आला,” ते म्हणाले. ख्वान पुन्हा निसटू नये म्हणून सगळ्यांनी आइनोच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला.

“माझ्या नवऱ्यालाही बोलवाल?” तिनं विचारलं.

“गेलेल्याला मागं ओढू नये. उद्या भिक्खू येतील, त्यांना त्याच्या नावानं भात वाढ.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आइनो रस्त्याकडेला गुडघ्यांवर बसली. एकेका पात्रात भात घालताना तिचे ओठ हलत होते. भिक्खू धुक्यात दिसेनासे झाले, तेव्हा चानपेंगनं तिच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. “हे पाणी ओत, म्हणजे भाताचं पुण्य त्याला पोचेल,” ती म्हणाली. रस्त्याकडेच्या आंब्याच्या मुळाशी पाण्याची बारीक धार सोडत दोघी बराच वेळ तिथंच बसून राहिल्या.