छापून आलेली शिवी

मे महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी दीपालीनं आईला काठापदराचं ठेवणीतलं लुगडं नेसवलं. "एवढं नटून मना काय लग्नाला जायचं हाय?" असं म्हणत मैनाबाई लाजत होत्या, पण आरशासमोरून काही हलत नव्हत्या. आज गावी कुळाचं संमेलन होतं आणि कुळाचा इतिहास, म्हणजे कुलवृत्तांत, छापून येणार होता. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिची हौस एकच, सात वर्षांमागं गेलेल्या नवऱ्याचं, महिपतचं नाव पुस्तकात बघायचं.

आणि का नसावी हौस? ते पुस्तक तिच्याच लेकीनं उभं केलं होतं. दीपाली लांज्याला शाळेत शिकवायची. शाळा सुटली, सुट्टी लागली की एसटी पकडायची. पार मंडणगडापर्यंत जाऊन घरोघर माहितीपत्रकं भरून आणायची. कुणाचा खापरपणजा कोण, कुणाला मुलं किती, मुली कुठं दिल्या. चार वर्षं हेच. "आमची दीपाली आहे म्हणून होतंय हो," असं हरिश्चंद्रकाका चारचौघांत सांगायचे. हे महिपतचे थोरले भाऊ, निवृत्त हेडमास्तर आणि पुस्तकाचे संपादक. दीपालीला अक्षरं गिरवायला त्यांनीच शिकवलेलं. "शेवटचा हात मी फिरवतो, तू दमलीस," म्हणाले, तेव्हा पोरीनं बिनघोर सगळं त्यांच्या स्वाधीन केलं. इथंच ती फसली.

देवळाचा सभामंडप माणसांनी भरला होता. मुंबईचे चाकरमानी सहकुटुंब आलेले. पुस्तकं वाटली गेली आणि दीपालीनं घाईघाईनं आपलं पान काढलं. तिनं लिहून दिलं होतं, 'महिपत, पत्नी मैना, कन्या तीन', आणि तिघींची नावं. छापलं होतं, 'महिपत'. पुढे कंसात एकच शब्द, 'निर्वंश'.

तिनं भराभर पानं उलटली. ज्याला मुलगा नाही त्याच्यापुढे हाच शब्द. ज्याला मुलगे होते, त्याच्याही मुली गायब! पुस्तक घेऊन ती तडक काकांकडे गेली.

"काका, हे कुणी बदललं?"

"समितीत तसं ठरलं. पद्धतच आहे ती," काका शांतपणे म्हणाले. "मुली सासरच्या पुस्तकात जातात."

"सासरचं पुस्तक बघितलंय मी. तिथं सुनेच्या बापाचं नावसुद्धा नसतं. मग आम्ही जायचं कुठं?"

काकांनी आवाज खाली आणला. "आज तमाशा नको. तुझा सत्कार ठेवलाय मी. आणि ती माहितीपत्रकं उद्या आणून दे, खाडीत सोडून टाकू. पन्नास वर्षांनी कुणी दोन्ही ताडून बघितलं तर उगाच गोंधळ."

म्हणजे ही छापखान्याची चूक नव्हती. या भल्या गृहस्थानं तिच्याच हातून घराघरातल्या लेकी गोळा करून घेतल्या, सावकाश बसून खोडल्या, आणि आता त्या कधी होत्या याचा कागदही उरू नये अशी व्यवस्था लावत होता. वर सत्कार! दीपालीला रडू आलं नाही. ती संतापानं पाठ फिरवून निघाली.

ती जागेवर आली तर आईनं पुस्तक पुढे केलं. "वाच गो. काय लिवलान तुझ्या बाबाच्या नावाम्होरं?"

खोटं बोलणं सोपं होतं. म्हातारीला काय कळणार होतं? पण काकांनीही हाच हिशेब धरला होता. दीपालीनं होतं तसं वाचलं, "महिपत. निर्वंश."

मैनाबाईंना तो शब्द पुरता ठाऊक होता. बांधावरच्या भांडणात समोरच्याचं वाटोळं व्हावं म्हणून बायका बोटं मोडून हाच तर शब्द फेकतात.

"ही शिवी हाय," त्या म्हणाल्या. "कुणी दिलीन?"

"काकांनी."

तेवढ्यात माइकवरून सत्कारासाठी दीपालीचं नाव पुकारलं. उठल्या मात्र मैनाबाई. जन्मात कधी थोरल्या दिरासमोर मान वर न केलेली ती बाई, डोईवरचा पदर सावरत लेकीच्या हाताला धरून व्यासपीठावर चढली. काका माइकपाशीच उभे होते.

"भावोजी, तिन्ही खेपेला माझं बाळंतपण तुमच्याच आईनं केलान. तिन्ही बारशांना तुमी घुगऱ्या खाल्ल्यात. आता ह्या सगळ्यांम्होरं सांगा, नवरा निर्वंश, तर ह्या तीन पोरी मी कुणाच्या आणल्या?"

माइक चालू होता. शेवटच्या रांगेतल्या बायांनाही प्रश्न ऐकू गेला.

"मैना, पुस्तकात त्या शब्दाचा अर्थ..." काका बोलायला गेले. आयुष्यभर पोरांना अर्थ सांगणाऱ्या मास्तरांना हा अर्थ काही सांगता येईना.

दीपालीनं माइक हातात घेतला. "सत्कार मला नको. माहितीपत्रकंही मी देणार नाही. ज्याला आपली लेक, आपली बहीण शोधायची असेल, त्यानं लांज्याला माझ्या घरी यावं. सगळ्या आहेत तिथं."

पुढच्या रांगेतले पुरुष माना खाली घालून बसले. मागे मात्र माहेरच्या संमेलनाला आलेल्या एका म्हातारीनं नातीच्या हातात पुस्तक दिलं. "माझ्या बापाचं पान काढ गो." मग दुसरीनं काढायला लावलं, मग तिसरीनं.

वाचकहो, असं एखादं पुस्तक तुमच्याही कपाटात असेल. तुमच्या आईच्या माहेरचंही कुठंतरी असेल. त्यात तुमच्या आईचं नाव आहे का, एवढं आज बघाच.