सोमवारचे ठिपके

माझ्या तोंडाला लगाम न्हाई, हे अख्ख्या येडगावाला ठावं हाये. म्हणून आधीच सांगते, मी कुणाची उगा वाहवा करत न्हाई. नवऱ्याची जल्मात केली न्हाई, बिचारा वाट बघून बघून गेला. पण माझ्या सुनेची, पुष्पाची, आज करणार हाये. ऐकायचं तर ऐका.

माझा नातू शौर्य, आता चार वर्सांचा. दीड वर्साचा व्हता तवापासनं त्याच्या छातीनं आमचा पिच्छा पुरवला. आधी नाक गळायचं, मंग खोकला, मंग छातीत शिट्टी वाजायला लागायची. पोट भात्यावानी आत-बाहेर व्हायचं, बरगड्यांत खड्डे पडायचे. त्याला श्वास पुरायचा न्हाई अन् आमाला घास उतरायचा न्हाई. माझा लेक हनमंता मोटारसायकल काढायचा, पुष्पा पोराला छातीशी धरून मागं बसायची, अन् दोघं जुन्नर गाठायचे. तिथं डॉक्टरीणबाई वाफेचं मशीन लावायच्या. पोरगं हसत घरी यायचं, अन् पंधरा दिवस न्हाई झाले की पुन्हा तेच.

गावात सगळे म्हणायचे, बाळदमा हाये, मोठेपणी जातो. मी काढे उकळले, गळ्यात ताईत बांधला. पुष्पा म्हणाली, "ताईत राहू द्या आत्याबाई, त्याचं काय ओझं न्हाई. काढा मात्र नको. डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी." मला असा राग आला! आमी मेंढरांमागं फिरलेली माणसं. सासू माझी लोकरीच्या ढिगावर बाळंत झाली. आमच्यात कुणाला झाला दमा? अन् ही कालची पोर मला शिकवती!

मंग घरात पंप आला. एवढीशी डबी, पुढं एक नळा, नळ्याला तोंडावर बसणारा मास्क. दवाखान्यात बाकीची पोरं बघितली मी, चार माणसं धरायला लागायची. पुष्पानं घाई केली न्हाई. नळा आधी बाहुलीला लावला, मंग स्वतःला, मंग मला लावला, अन् मी काय बोलले ते सांगण्यासारखं न्हाई. चवथ्या दिवशी पोरगं आपणहून म्हणालं, "मला पण सोंड लाव." लेण्याद्रीचा गणपती बघून आलं व्हतं ना! तवापासनं सकाळ-संध्याकाळ सोंड. ती बोटांवर दहा मोजायची अन् हा डोळे मिटून गुमान श्वास ओढायचा.

तरी मी गप बसेन तर चिमाबाई कसली! "पुष्पे, पंपाची सवय लागती गं," मी म्हणलं. "एकदा लागली की काय केल्या सुटत न्हाई." अन् हे बोलताना माझं बोट दातावर व्हतं, बोटावर मशेरी. दिवसातनं पाच वेळा, गेली चाळीस वर्सं. पुष्पानं माझ्या बोटाकडं बघितलं, जरा हसली, अन् भांडी घासायला गेली. ती का हसली, ते मला तवा कळलंच न्हाई.

स्वैपाकघरात भिंतीला कॅलेंडर व्हतं. पोराची शिट्टी वाजली की ती त्या तारखेवर लाल ठिपका द्यायची, अन् शेजारी बारीक अक्षरात लिहायची. दही खाल्लं. टमाट्यावर फवारणी झाली. वाकळ झटकली. कुत्रं आत येऊन बसलं. मंग एकेक गोष्ट बंद करून बघायची. एक महिना कुत्रं गोठ्यात. एक महिना कापसाची उशी माळ्यावर. "सगळंच एकदम बंद कर की," मी म्हणलं, तर म्हणती, "मंग कशानं फरक पडला ते कळणार कसं?" बारावी शिकलेली पोर. मी शेजारणींना सांगायचे, आमच्या घरी कलेक्टरीण नांदायला आलीया. पण ठिपके काय हटेनात. मी तर दुसऱ्या महिन्यात ते कॅलेंडर चुलीत घातलं असतं. ही नव्या महिन्याचं पान उलटायची अन् पुन्हा लिहायला लागायची.

एकदा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात विडी-सिगरेट कोण ओढतं?" हनमंता म्हणाला, "खंडोबाची आण, कुणी न्हाई." मी पण शेजारी बसून मान डोलावली. दाढंत मशेरी तशीच व्हती.

औंदा दिवाळी झाली अन् मी मंचरला लेकीच्या बाळंतपणाला गेले. चांगले पाच आठवडे राहिले. परत आले तर काय, कॅलेंडरावर एक ठिपका न्हाई! शौर्य अंगणात कुत्र्यामागं पळत व्हता, गाल वर आलेले. मला बघून "आज्जी!" करून असा येऊन आदळला की मी पडता पडता वाचले. मी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

रविवारी मी जुन्नरच्या बाजारला गेले. मंगळवारी पहाटे पोरगं पुन्हा मशीनवर. या वेळंला दोन दिवस ठेवून घेतला.

गुरवारी मी गिरणीत दळण घेऊन गेले तर आमच्या आळीतली कुशाबाई म्हणाली, "चिमे, तू नव्हतीस तवर पोरगं कसं टुणटुणीत व्हतं. तू आलीस अन् पडलं. राग मानू नकोस, पण तुझी नजर जड हाये." चार बाया व्हत्या. एकीनं न्हाई म्हणलं न्हाई.

दुसरं काही असतं तर कुशीला मी तिथंच उभी सोलली असती. पण त्या दिवशी मी खाली मान घालून पीठ डब्यात भरत राहिले. कारण तिनं केला तो हिशेब माझ्या मनात सकाळपासनं चालला व्हता. मी नव्हते, पोरगं बरं व्हतं. मी आले, पोरगं दवाखान्यात. पिठाचा डबा डोक्यावर घेऊन मी रडत घरी आले. ज्याच्यावर जीव ओवाळून टाकावा त्यालाच आपली नजर लागावी? असली आजी काय कामाची?

मी पिशवी भरली. शौर्य नुकताच दवाखान्यातनं आलेला, आत झोपला व्हता. त्याच्याकडं बघायचं पण धाडस झालं न्हाई. पुष्पाला म्हणलं, "हनमंताला सांग, मला मंचरच्या गाडीत बसवून दे. मी लेकीकडं राहते आता. नातवाच्या जिवापुढं माझं काय मोठं न्हाई."

"कोण काय बोललं तुमाला?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, माझ्यासमोर बसली, अन् मागच्या महिन्यांची पानं उलटून दाखवली. "आत्याबाई, ठिपके कुठल्या वाराला हायेत बघा."

मला वाचता येत न्हाई, पण वारांच्या ओळी कळत्यात. बघितलं तर बहुतेक ठिपके सोमवारी न्हाईतर मंगळवारी. "सोमवारी तुमी काय करता?" ती म्हणाली.

"सोमवारी काय करणार? रविवारी बाजारातनं तंबाखू आणते, सोमवारी मशेरी भाज..."

आमच्याकडं मशेरी घरीच भाजायची चाल. तंबाखूची पानं तव्यावर काळी व्हईस्तोवर भाजायची. धूर असा की शेजारची माणसं शिंकत्यात. पुष्पा सकाळी वावरात गेली की मी चूल पेटवायचे, अन् पलीकडच्या खोलीत शौर्य झोपलेला असायचा. विडी-सिगरेट म्हणलं की आमाला बाप्ये आठवत्यात. बाईच्या तव्यावरचा धूर पण तंबाखूचाच असतो, हे एवढ्या वर्सांत माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

"तुमची नजर न्हाई, आत्याबाई," पुष्पा म्हणाली. "धूर हाये. तुमी जाऊ नका. मशेरी जाऊ द्या."

मला लाज वाटली, अन् लाज वाटली की मी भांडते. "कवापासनं ठावं तुला?"

"तुमी मंचरला गेलात तवा शंका आली. पण खात्री नव्हती. या सोमवारी दुपारी वावरातनं आले तर घरात तो वास व्हता. मी सकाळी घरी थांबायला पायजे व्हतं. तिथं मी चुकले." चुकले म्हणाली! ती! "डॉक्टरीणबाईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, असू शकतं, बंद करून बघा."

"अन् हनमंताला?"

"न्हाई सांगितलं. दवाखान्यात ते पार खचलेले. रागाच्या भरात तुमाला काहीतरी बोलून गेले असते, अन् ते तुमी मरेपर्यंत विसरला नसता. म्हणलं, आधी तुमाला सांगावं. मंग तुमीच सांगा त्यांना."

मी तिच्या जागी असते तर तवा सासूच्या डोक्यात घातला असता. खरं सांगते. स्वतःचं लेकरू श्वासासाठी तडफडताना बघून आलेली बाई, अन् तिला सासूच्या मनाची काळजी!

पिशवी मी रिकामी केली. मशेरीचा डबा उकिरड्यात ओतला. रात्री हनमंताला मीच सगळं सांगितलं. पण चाळीस वर्सांची सवय काय अशी जाती व्हय? तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. मी हनमंताला बोलले, म्हशीला बोलले, चुलीला बोलले. आठव्या दिवशी शेजारणीकडनं चिमूटभर मागून लावली अन् घरी येऊन स्वतःहून कबूल झाले. पुष्पानं बडीशेप हातावर ठेवली. म्हणाली, "आज न्हाई जमलं, उद्या जमंल." हेच ती पोराला म्हणायची, तो मास्क ढकलून द्यायचा तवा. एका दुपारी मी कपाळ धरून बसले व्हते तर शौर्य नळा घेऊन आला. "आज्जी, तुला सोंड पायजे?" मी त्याला पोटाशी धरून खूप रडले.

आता मशेरी सुटली अन् दमा पळाला, असली थाप मी मारणार न्हाई. पौषाच्या थंडीत सर्दी झाली अन् शिट्टी वाजलीच. पण पुष्पानं त्याचं पोट उघडं करून घड्याळापुढं श्वास मोजले, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद बघून पंप दिला, पुन्हा मोजले. संध्याकाळी पोरगं भाकरी-दूध खात व्हतं. जुन्नरला जावं लागलं न्हाई.

त्याच आठवड्यात आमच्या वावरात कांद्याची लागण व्हती. आळीतल्या बाया सावडीला आलेल्या, आज आमच्याकडं तर उद्या आमी त्यांच्याकडं. दुपारी भाकरी खाऊन सगळ्या बांधावर टेकल्या अन् रिवाजाप्रमाणं मशेरीची डबी फिरायला लागली. कुशाबाईनं माझ्यापुढं धरली. मी नको म्हणलं. "अगं घे की! का सुनंला भितीस?" सगळ्या खिदळल्या.

पुष्पा पटकन म्हणाली, "आत्याबाईंची दाढ दुखती. डॉक्टरनं नको म्हणून सांगितलंय."

माझी अब्रू झाकायला पोर खोटं बोलली. आयुष्यात तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"दाढ ठणठणीत हाये माझी," मी म्हणलं. "कुशे, ऐक. बाकीच्या पण ऐका. नजर-बिजर काय न्हाई. दर सोमवारी मी मशेरी भाजायचे अन् माझ्याच तव्याच्या धुरानं माझ्या नातवाचा श्वास कोंडायचा. अडीच वर्सं. मीच केलं ते, या हातांनी. हिनं एकेक दिवस लिहून ते शोधून काढलं, अन् कळल्यावर तुमाला एकीला सांगितलं न्हाई. माझ्या लेकाला सुदिक न्हाई. तुमच्या घरी लहान पोरं हायेत. भाजू नका गं बायांनो."

कुशाबाईनं डबी मिटून कनवटीला खोचली. मी पुष्पाकडं बघितलं. जुन्नरच्या दवाखान्यात अडीच वर्सांत जी एकदा रडली न्हाई, ती बांधावर बसून हमसून हमसून रडत व्हती. मी सरकत तिच्यापाशी गेले अन् माझ्या पदरानं तिचे डोळे पुसले.